सहा नंबरचा रस्ता

नॉम पेन्हला नोकरीसाठी राहायला आल्यापासून नातलग एकाच फोटोची फर्माईश करतात: अंकोरवाटचे कळस आणि मागे उगवता सूर्य. तो फोटो माझ्याकडे आहे, जगात बहुतेकांकडे आहे. कंबोडियाच्या झेंड्यावरसुद्धा तेच मंदिर आहे. माझे आवडते फोटो मात्र नॉम पेन्ह ते अंकोरजवळचं सिएम रीप या सुमारे ३१५ किलोमीटरच्या रस्त्यावरचे आहेत. बस साधारण सहा तासांत पोचवते. यंदा फेब्रुवारीत भाड्याची गाडी केली, मनाला येईल तिथे उतरता यावं म्हणून.

स्कुनला सहा आणि सात नंबरचे महामार्ग वेगळे होतात. गाडी थांबली की काचेशी ताटं येतात: लसूण, मीठ, साखर लावून तळलेले मोठाले काळे कोळी. प्रवाशांचे मोबाइल त्या ताटांवर रोखलेले. मी ताटामागच्या म्हाताऱ्या बाईंकडे पाहत होते. डोक्याला लाल-पांढऱ्या चौकड्यांचा क्रामा. हा सुती पंचा ऊन लागलं तर डोक्याला, मूल झोपवायचं तर झोळीला, उघड्यावर आंघोळ करायची तर कमरेला. ख्मेर रूजने हाच क्रामा गणवेशाचा भाग केला होता. १९७५ ते १९७९ या त्यांच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसं मेली. त्यामुळे साठीपुढच्या कुणाचा फोटो घ्यायचा तर मी कॅमेरा बाजूला ठेवून आधी हात जोडते. इथेही नमस्कार हात जोडूनच करतात; समोरचा जितका मोठा तितके हात वर, भिक्षूंसाठी थेट भुवयांपर्यंत. बाई हसल्या, क्रामा सारखा केला आणि मगच कॅमेऱ्याकडे पाहिलं.

पुढे दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, खुंटावर चरणारी पांढरी गुरं आणि खांबांवर उभी लाकडी घरं. संसार दिवसभर घराखालीच चालतो: झोपाळा, चूल, टोपलीखाली झाकलेला झुंजीचा कोंबडा, एखादी जुनी बैलगाडी. अंगणात खांबावर देव्हाऱ्याएवढं घरकुल, जागेच्या राखणदार देवतेचं. रस्त्याच्या कडेला फळीवर बाटल्यांतून पेट्रोल विकायला ठेवलेलं.

काँपोंग थोमच्या बाजारात गल्ल्यावर, तराजूमागे, मासळी कापायला सगळीकडे बायकाच. आंबवलेल्या मासळीचा प्राहोक पिंपात. त्याचा दर्प फोटोत येत नाही, कपड्यांत मात्र राहतो.

बाजार मागे पडल्यावर एका ताडाखाली थांबलो. अख्ख्या बांबूच्या पेरांवर बोटभर फांद्या राखून केलेली शिडी झाडाला बांधलेली होती. कमरेला बांबूच्या नळ्या लटकवून एक माणूस तिच्यावरून सरसर चढला, ताडाच्या पोयीचं टोक पातळ तासलं आणि भरलेल्या नळीच्या जागी रिकामी अडकवली. खाली त्याची बायको मातीच्या चुलीवर भल्या मोठ्या कढईत रस आटवत होती. वास थेट गुऱ्हाळाचा. पाक घट्ट, फिकट तपकिरी झाला तसा तो तिने ताडाच्या पानांच्या कड्यांमध्ये ओतला. अर्ध्या तासात गोल वड्या तयार. मी कॅमेरा विसरून पहिली वडी तोंडात टाकली.

काँपोंग क्देईला जुना पूल आहे: बाराव्या शतकातला, जांभ्या दगडाचा, टोकांना फणा काढलेले नाग. राजा सातव्या जयवर्मनच्या काळातलं हे काम. अवजड गाड्यांसाठी आता वेगळा रस्ता असल्याने पुलावरून शाळकरी पोरं सायकली हाकत होती.

याच राजाने अंकोरचं बायॉन मंदिर बांधलं. बायॉनचे दगडी चेहरे सगळ्यांना ठाऊक असतात. मी दुसऱ्या दिवशी तिथल्या बाहेरच्या ओवरीत, दक्षिणेकडच्या भिंतीपाशी गेले. वरच्या पट्ट्यात शेजारच्या चाम लोकांच्या सैन्याशी नौकांची लढाई कोरली आहे आणि तिच्या खालच्या पट्ट्यात चक्क बाजार. मासळी विकणाऱ्या बायका, हातात तराजू. कोंबड्यांची झुंज, भोवती पैज लावणारे. कढईत डुक्कर सोडणारे आचारी. एक बाळंतीणही आहे. काँपोंग थोमला टिपलेला फोटो भिंतीशेजारी धरला, तर बाईचे कपडे तेवढे बदललेले दिसले. चिनी दूतमंडळाबरोबर आलेला चौ ता-क्वान १२९६-९७ मध्ये इथे वर्षभर राहिला. त्यानेही नोंदवलं आहे की या देशात व्यापार बायका करतात आणि दुकानांऐवजी जमिनीवर चटई अंथरून बसतात. परदेशी पाहुण्याला राजवाड्याइतकाच बाजार लिहावासा वाटला, हे मला फार पटलं. जयवर्मनच्या शिल्पींनी तर तो बाजार राजाच्या लढाईच्या भिंतीवरच कोरला.

म्हणून अंकोरला याल तर विमानाने थेट सिएम रीपला उतरू नका. नॉम पेन्हहून गाडी करा, जानेवारी ते मार्चमध्ये या, म्हणजे ताडाचा रस सापडेल. वाटेत भरपूर थांबा. बायॉनची दक्षिण भिंत या रस्त्यानंतर बघा. आणि कुणाचाही फोटो काढण्याआधी हात जोडून विचारा.