रियाळा

चि. चिऊस,


फोनच करणार होते. पण फोनवर तू रडली असतीस, मी तुझी गोष्ट चोरणाऱ्या त्या बाईला शिव्या घातल्या असत्या आणि तेवढ्यातच आपला वेळ गेला असता. म्हणून कागद घेऊन बसले.

तुझा मेसेज दोनच वाक्यांचा. ‘मावशी, माझी गोष्ट कुणीतरी स्वतःच्या नावानं टाकलीय. मी आता लिहिणार नाही.’ पहिल्या वाक्याचा राग आला. दुसऱ्याचा त्याहून जास्त आला. पण त्याबद्दल समोर भेटशील तेव्हा बोलेन.

तू दिलेली लिंक उघडली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिच्या आणि तुझ्या अशा दोन्ही गोष्टींचे प्रिंट आणले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून लाल पेन घेऊन बसले. शाळा सुटून अकरा वर्षं झाली, पण पेपर तपासायची खुमखुमी काही सुटलेली नाही. काका दोनदा चहाचं विचारून गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी एकटीच हसत होते.

का हसत होते ते सांगते. तुझ्या नायिकेचं नाव उमा. बाईंनी ते केलं रिया. हातानं बदलायचा कंटाळा, म्हणून यंत्राला सांगितलं असणार की जिथं जिथं ‘उमा’ दिसेल तिथं ‘रिया’ घाल. यंत्र इमानदार. तुझ्या गोष्टीत लेक पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा आईला मायेचा उमाळा येतो. बाईंच्या गोष्टीत त्या आईला ‘मायेचा रियाळा’ आला आहे! आणि खाली एकानं मनापासून लिहिलंय, ‘मॅम, काय शब्द आहे! जुनी मराठी किती समृद्ध होती.’

पुढे आणखी गंमत. यंत्राला ‘उमा’ सांगितलं होतं, पण मराठीत उमेचं नुसतं नाव घेताना ती उमा असते आणि तिच्याकडून काही घ्यायचं झालं की ती ‘उमे’ होते. उमेला, उमेनं, उमेच्या. ही रूपं यंत्राच्या हाती लागली नाहीत. बाईंनी नंतर डोळ्यांनी हुडकून बरीच दुरुस्त केली, तरी चार ठिकाणी उमा राहिलीच. रिया स्वयंपाकघरात शिरते आणि उमेच्या हातातलं फुलपात्र खाली पडतं. तीस वर्षं मी पोरांना सामान्यरूप घोकायला लावलं आणि तीस वर्षं पोरं विचारत आली की बाई, याचा उपयोग काय. आता सांगता येईल.

तिसरा पुरावा तुझ्या माझ्यातला. पाचवीपासून तुला सांगतेय, ‘आणि’ला पहिली वेलांटी. तू ऐकत नाहीस. दिवाळीआधी गोष्ट शुद्धलेखनासाठी मेलनं पाठवलीस तेव्हाही मी प्रत्येक ‘आणी’भोवती गोल केला होता आणि तू ते न सुधारता तशीच अ‍ॅपवर चढवलीस. बाईंच्या गोष्टीत एकूण एक ‘आणी’ जसाच्या तसा दीर्घ आहे. तुझा हट्टीपणा जन्मात पहिल्यांदा कामी आला. ते मेल जपून ठेव, त्यावर तारीख आहे.

हसून झाल्यावर मात्र त्या फुलपात्रापाशी येऊन अडले. ते माझ्या ओट्यावर आहे, तुला ठाऊकच आहे. आजीच्या रुखवतातलं, पितळी. कऱ्हाडच्या भांडेवाल्यानं छिन्नीनं ठिपके पाडून नाव घातलेलं, ‘चि. उमा’. उकाराचं शेपूट जरा लांबलंय, तिथं त्याचा हात घसरला असावा. लग्नात आजोबांनी तांदळात अंगठीनं ‘शालिनी’ लिहिलं आणि उमा संपली. रेशनकार्डावर शालिनी, बँकेत शालिनी, आम्हा बहिणींच्या दाखल्यांवर आईचं नाव शालिनी. एक फुलपात्र तेवढं उमेचं राहिलं आणि आजी दुपारचं पाणी त्यातूनच प्यायची, दुसऱ्या कुणाला देत नसे. हे तुला मी सांगितलं होतं. पण त्याची गोष्ट तू केलीस. म्हातारपणी ती ठिपक्यांवरून बोट फिरवते ते मी सांगितलं नव्हतं, ते तुझं. खरं तर मी आईला तसं करताना कधी पाहिलं नाही, आणि तरीही वाचल्यावर मला वाटलं, अगं, पाहिलं होतं की.

आता त्या फुलपात्रावर ‘चि. रिया’ कोरलेलं आहे. १९६२ साली. कऱ्हाडला. जिचं नाव एकदा तांदळात पुसलं त्या बाईचं नाव आता कुणीतरी फोनवर पुसलं. खाली हजारांनी बदाम, आणि कुणी विचारलं की बाईंचं उत्तर: ‘धन्यवाद, ही कथा माझ्या खूप जवळची आहे.’

तू म्हणशील, मी कुठे मोठी लेखिका आहे. हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा मोठी की छोटी असं विचारत नाही. काकांच्या मित्रांना, त्या वकिलांना, काल बसवून विचारलं. गोष्ट लिहून झाली त्या क्षणी हक्क तुझा, त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही. तुझ्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. (हे दुसरं ऐकून काका म्हणाले, चिऊला आत्ताच नको सांगू.) त्याच कायद्यात ५७ वं कलम आहे. आकड्यांचा योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा. छापण्याचे, चित्रपटाचे, सगळे हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलंय’ असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो आणि कुणी कृती विद्रूप केली तर तिथंही त्याला अडवता येतं. मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’ कादंबरीचे हक्क चित्रपटासाठी दिले होते, तरी ऐंशीच्या दशकात त्या याच कलमाच्या आधारावर दिल्लीच्या उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या आणि न्यायालयानं त्यांचं म्हणणं उडवून लावलं नाही.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची ६० वर्षं कधीच उलटली, ‘श्यामची आई’ आज कुणीही छापावी, छापतातही. पण म्हणून मुखपृष्ठावर साने गुरुजींच्या जागी स्वतःचं नाव घालून बघावं कुणी! मजकुराचा मालक काळानं बदलतो. लिहिणारा बदलत नाही.

हे आपल्याकडे काही आज सुरू झालेलं नाही. सालोमालो आठवतो? लहानपणी तुला प्रभातचा ‘संत तुकाराम’ दाखवला होता, १९३६ चा, तेव्हा तू त्या पगडीवाल्याला बघून पडद्यावर चप्पल फेकायला निघाली होतीस. तुकोबांचे अभंग उचलायचे, शेवटचं ‘तुका म्हणे’ काढायचं, तिथं स्वतःचं नाव घालायचं आणि देवळात ताना मारत गायचे. गाथेतही त्याच्यावर अभंग आहेत, म्हणजे ज्यांनी गाथा नदीत बुडाल्याचं सोसलं त्या तुकोबांनाही हे सोसवलं नाही. बघ, त्यानं अभंगातला विठ्ठल चोरला नाही, भक्ती चोरली नाही, ती चोरताही येत नाही. चोरलं ते शेवटच्या चरणातलं नाव.

आणि त्याच चित्रपटात उलटी गंमत घडून गेली. ‘आधी बीज एकले’ हे त्यातलं गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं. इतकं तुकोबांच्या वळणाचं की लोक त्याला तुकोबांचाच अभंग समजून बसले, आजही समजतात. आठवल्यांच्या गुणाचा हा केवढा मोठा दाखला. पण नाव त्यांचंही गेलं, आणि ते कुणी चोरलंसुद्धा नाही.

फोनवर रोज हेच दोन्ही चालू असतं. चांगल्या लिहिणाऱ्याचं नाव कापायचं आणि भलत्याच मजकुराखाली मोठ्या माणसाचं नाव डकवायचं. पु. ल. २००० साली गेले, वपु २००१ साली, तरी दोघं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी नवं काहीतरी लिहितात. पु. ल. अलीकडे फारच उपदेश करायला लागलेत.

आता जे लिहिते ते वाचून तू चिडशील. तरी लिहिते. हे मीही केलं आहे. चारपाच वर्षांपूर्वी एका मुलानं लिहिलेली, बसस्थानकावरच्या हमालाची गोष्ट मला आली होती. फार सुंदर. खाली लेखकाचं नाव, गाव आणि ‘नावासह पुढे पाठवावे’ अशी विनंती. मेसेज लांब होत होता. मी शेवटच्या तीन ओळी कापल्या आणि आपल्या घरच्या ग्रुपवर टाकली. तुझ्या आईनं ती तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकली. पंधरा दिवसांनी ती माझ्याकडेच परत आली, ‘लेखक अज्ञात’ असं शीर्षकाखाली लिहून. त्याला अज्ञात मी केलं होतं. काल रात्री जुना फोन काढून ते नाव शोधलं. सापडलं नाही. माझ्या मनात चोरी नव्हती, पण त्या बिचाऱ्या लेखकाला माझ्या मनात काय होतं याच्याशी काय देणंघेणं?

म्हणून त्या बाईंना आणि मला एकाच पिंजऱ्यात उभं करू नकोस, पण मला अगदीच सोडूनही देऊ नकोस. ‘साभार’ लिहून कुणाचे आभार ते न सांगणारे, ‘आवडलं म्हणून’ चिकटवणारे, बासरी लावून यूट्यूबवर कथा वाचणारे आणि ‘कथा: अनामिक’ म्हणणारे, यांतल्या बहुतेकांना एक ओळ लिहिली की ते ओशाळतात आणि नाव घालतात. तुझी गोष्टही यूट्यूबवर एक मुलगा अशीच वाचतोय, त्याला आधी तशी ओळ लिही. त्याचं वाचन मला आवडलं, फक्त ‘फुलपात्र’ तो फुलदाणी असल्यासारखं उच्चारतो.

आणि एक तंबी. रागाच्या भरात प्रत्येक ठिकाणी स्वतःची गोष्ट दिसायला लागते. लग्नात बदललेल्या नावावर उद्या दुसऱ्या कुणी लिहिलं तर ती चोरी नाही. तसं म्हटलं तर तांदळातलं नाव या विषयावर निम्म्या महाराष्ट्राच्या बायकांचा हक्क आहे. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाच्या लेखकानं ‘न्यू दिल्ली’ चित्रपटावर दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली सांगितलं की कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती ज्या रीतीनं मांडली त्या मांडणीवर असते. आणि तो लेखक हरला. उघडपणे दुसऱ्याचं घेऊन स्वतःचं करणं तर आपल्याकडे मानाचं आहे. ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आली हे पु. लं.नी कधी लपवलं नाही आणि त्यामुळे तिचं तेज कमी झालं नाही. तुझ्या बाबतीत प्रश्नच नाही. चुकलेली वेलांटी ही कल्पना नव्हे.

मोठ्या लेखकांना हे भोगावं लागत नाही असंही समजू नकोस. अमेरिकेत नोरा रॉबर्ट्स नावाच्या कादंबरीकार आहेत, ढिगानं खपणाऱ्या. १९९७ साली जेनेट डेली या तितक्याच गाजलेल्या लेखिकेनं त्यांच्या पुस्तकांतून उचलल्याचं कबूल केलं. पकडलं ते एका वाचकानं, दोघींची पुस्तकं पाठोपाठ वाचल्यामुळे. २०१९ मध्ये पुन्हा तेच. या वेळी ब्राझीलच्या एका लेखिकेच्या पुस्तकांत कितीतरी जणांचे उतारे निघाले आणि तिचं म्हणणं असं की मी भाड्यानं लेखक लावले होते, त्यांनी काय केलं ते त्यांना ठाऊक! रॉबर्ट्सबाई थेट ब्राझीलच्या कोर्टात गेल्या. तुला तेवढं लांब जावं लागणार नाही. आपल्या कायद्यात तू राहतेस तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, आणि हे मुद्दाम केलेलं असेल तर तो फौजदारी गुन्हाही आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद. पण वकीलसाहेब म्हणाले तेच मलाही वाटतं, कोर्ट शेवटी.

आधी इतकंच कर. बाईंना आत्ता काही लिहू नकोस, नाहीतर त्या पान उडवून मोकळ्या होतील आणि आपल्या हाती काही उरणार नाही. सगळ्याचे स्क्रीनशॉट, तारीख आणि पत्ता दिसेल असे. ‘रियाळा’चा मोठा करून. मग ज्या ठिकाणी ती गोष्ट आहे त्यांच्याकडे लेखी तक्रार. २०१२ च्या दुरुस्तीपासून अशी तक्रार मिळाल्यावर मजकूर २१ दिवस रोखून धरण्याची तरतूद आहे, त्याहून जास्त हवं असेल तर कोर्टाचा आदेश. तक्रारीचा मसुदा मी केला आहे. काकांनी वाचून ‘फार ललित झालाय’ म्हणून परत दिला, आज पुन्हा लिहिते.

आणि मग बाईंना पत्र. तेही मी लिहिणार होते, चांगलं चार पानी. पण रात्री विचार केला, ते तू लिही. छोटं लिही. मला त्यांच्याकडून माफी नको आहे. त्या फुलपात्रावरचं नाव परत घालून द्या म्हणावं.

रविवारी ये. लॅपटॉप आण, दिवाळीआधीचं ते मेल शोधून ठेव. दुपारी आमटीभात आहे.

तुझी,
मावशी

ता. क. ‘रियाळा’ हा शब्द मात्र आता घरातून जायचं नाव घेत नाही. हे पत्र लिहिताना मध्येच डोळे पुसत होते, तर काका पेपरातून मान न काढता म्हणाले, ‘आला वाटतं रियाळा.’

ता. ता. क. या पत्रात ‘आणि’ कितीतरी वेळा असेल. सगळ्यांना पहिली वेलांटी आहे. बघून घे.