वुजूच्या पाण्याचं तळं

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी रात्री-अपरात्री. मग झोपेतून उठून पिंपं, कळशा, टाकी भरून ठेवायची. अशा गावात परसात पाखरांसाठी, बेडकांसाठी तळं करायचं म्हणजे लोक हसणारच. मी घरात हा विषय काढला तेव्हा अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "इन्सानां को पानी नै, अन् तू मेंडकां पालती?"

प्रश्न रास्त आहे. त्यामुळे उत्तरही हिशेबानंच द्यायला हवं.

माझ्या मनातलं तळं सहा फूट लांब, चार फूट रुंद. कारंजं नाही, मोटर नाही, निळ्या फरश्या नाहीत. कडुनिंबापासून थोडं दूर, म्हणजे दुपारची सावली मिळेल पण पाला पडून पाणी कुजणार नाही. एका बाजूला दीड फूट खोल आणि दुसऱ्या बाजूला बशीसारखं उथळ होत गेलेलं. हा उतार सगळ्यात महत्त्वाचा. सरळ भिंतीच्या हौदात खार पडली तर तिला वर येता येत नाही, मधमाश्या बुडून मरतात. उतारावर गोटे टाकले की होला, बुलबुल, साळुंकी पाय टेकून पाणी पितात, अंघोळही करतात. कडेला वाळा आणि अळू लावलं की बेडकाला लपायला जागा होते. घरात लहान मूल असेल तर खोल भागावर लोखंडी जाळी हवीच.

आता पाण्याचा हिशेब. या तळ्यात साधारण ७०० लिटर पाणी मावेल. आमची गच्ची ५०० चौरस फुटांची आहे. तिच्यावर १५ मिलिमीटरची एक चांगली सर पडली की तेवढं पाणी पन्हाळीतून मिळतं. खरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात इथला पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे एक सेंटीमीटरनं उतरते. आमच्या तळ्यातून रोज २२ लिटर पाणी वाफ होऊन जाईल.

ते भरून काढणार कुठून? वुजूतून. घरात आम्ही चौघं नमाजी. पाच वेळची मिळून वीस वुजू. लोट्यानं दीड लिटरमध्ये नीट वुजू होते, म्हणजे ३० लिटर. कुणी एखादी वेळ मशिदीत वुजू करतं ते वजा केलं तरी तळ्यापुरतं उरतं. पैगंबरसाहेब (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आहे. एक मुद्द म्हणजे लिटरभर किंवा त्याहूनही कमी. हनफी मतानुसार वुजूचं वापरलेलं पाणी पाकच असतं, फक्त त्यानं पुन्हा वुजू होत नाही. झाडांना, पाखरांना ते चालतं. अट एकच, साबणाचं पाणी त्यात मिसळता कामा नये. वुजूच्या जागेचा पाइप वेगळा काढून वाळूच्या खड्ड्यातून तळ्याकडे न्यायचा.

एका पाण्याकडून दोन-तीन कामं करून घेणं आपल्याकडे नवं नाही. औरंगाबादच्या पाणचक्कीत खापराच्या नळांतून आलेलं पाणी जातं फिरवायचं, आणि तिथल्याच हौदात मासेही खेळायचे.

दुसरी भीती डासांची, आणि ती खोटी नाही. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण जरा विचार करा, आपल्या घरात असं पाणी कुठे असतं? उघड्या पिंपात, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये. तिथे डासाच्या अळीला खाणारं कुणीच नसतं. तळ्यात चतुराची पिल्लं असतात, मासे असतात. गप्पी मासे सोडता येतील, पण ते बेडकाची पिल्लंही खातात आणि ते इथले नाहीत, म्हणून ओढ्यात किंवा तलावात कधी सोडू नयेत. पिंपांना मात्र झाकण आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, याला पर्याय नाही.

तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून मोज्यात पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यातली एक गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. तो माणूस आधी स्वतः पाणी प्याला होता. बाहेर आल्यावर त्याला कुत्रं दिसलं आणि तो पुन्हा विहिरीत उतरला. जनावरासाठी माणसानं तहानलेलं राहावं, असं कुणीच म्हणत नाही. आपली तहान भागल्यावर आजूबाजूला पाहावं, एवढंच. माझ्या तळ्यासाठी अम्मींच्या पिंपातला एक तांब्याही कमी होणार नाही. जे पाणी गटारात जातं, तेच मी मागते आहे.

ज्यांना परस नाही त्यांनी गच्चीवर मातीचं पसरट परळ ठेवावं, त्यात दोन गोटे घालावेत आणि पाणी रोज बदलावं. मार्च लागायच्या आत ठेवलं तर पाखरांना जागा माहीत होते.