शेवयांच्या झाडाखालीं

खपुष्प, शशशृंग आणि वंध्यापुत्र हे अशक्य वस्तूंचे दृष्टांत आम्हीं विद्यार्थ्यांकडून पुष्कळ वर्षें घोकून घेतले. त्यांत 'शेवयांचें झाड' हें चौथें उदाहरण घालावें, असें लुगानो सरोवराच्या कांठीं आम्हांस वाटलें. स्वित्झर्लंडचा हा टिचिनो नांवाचा दक्षिणेकडील प्रांत. येथील भाषा इटालियन, हवा सौम्य. हिमशिखरांच्या या देशांतहि तळ्याकांठीं ताडवर्गीय झाडें डोलतात.

याच बाजूस चार्ल्स डी जेगर या छायाचित्रकारानें ओल्या शेवया, म्हणजे स्पॅगेटी, झाडांवर टांगून सुगीचा देखावा टिपला. बायका टोपल्या भरताहेत, 'पीक' उन्हांत वाळत घालताहेत! १ एप्रिल १९५७ रोजीं बी.बी.सी.च्या 'पॅनोरामा' कार्यक्रमांत तो सुमारें ३ मिनिटें दाखविला गेला. थंडी सौम्य व शेवयांचा किडा नाहींसा झालेला, म्हणून पीक अमाप, असा खुलासाहि होता. विलायतेंत तेव्हां हा पदार्थ फारसा परिचित नव्हता; कित्येकांनीं रोपांची चौकशी केली. टोमॅटोच्या रसाच्या डब्यांत एक काडी खोवून देवावर भरंवसा ठेवावा, असें उत्तर त्यांस मिळालें म्हणतात.

उन्हाळ्यांत स्वहस्तें शेवया वळणाऱ्या आमच्या भगिनी यावर पोट धरून हंसतील. परंतु निवेदन करणारे रिचर्ड डिंबल्बी म्हणजे १९५३ च्या राज्याभिषेकाचें वर्णन घरोघर पोंचविणारे गृहस्थ. आप्ताचें वाक्य तेंच प्रमाण, असें आपलें शास्त्रहि सांगतें. म्हणूनच आप्तानें अशी थट्टा वर्षांतून एकच दिवस करावी, हें बरें.

खरी नवलाची गोष्ट मात्र त्या डोंगरांत उभी आहे. तेथें चेस्टनटचीं रानें आहेत. त्याचीं फळें धुरावर वाळवून, दळून, त्या पिठावर डोंगरी गांवांनीं शतकानुशतकें हिंवाळे काढले. त्यास लोक भाकरीचें झाडच म्हणत. तेवढ्यानेंहि भागेना, तेव्हां १९ व्या शतकांत येथील हजारों माणसें ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्निया येथें पोटासाठीं गेलीं. झाडावर अन्न पिकतें ही जगाची थट्टा, येथील गरिबांचा तो नित्याचा अनुभव होता.

वाचकांपैकीं कोणी त्या बाजूस गेल्यास शेवयांच्या झाडाची चौकशी खुशाल करावी. पण एखाद्या चेस्टनटखालीं घटकाभर अवश्य बसावें.