१८९२ : महिना चार रुपये, बाद केल्यास आठ आणे

१.
मित्रहो, आजचा धागा एका वर्षाविषयी आणि एका पगाराविषयी आहे. वर्ष १८९२, पगार महिना चार रुपये. तो पगार पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानावर राबणारा एक पोरसवदा मुलगा घेत असे. त्याचे नाव बाळू पालवणकर. त्याच वर्षी अमेरिकेत बेसबॉल खेळून पोट भरणाऱ्या माणसांचे पगार भर हंगामात कापले गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण खेळून पैसे मिळवणाऱ्या माणसाला समाज कुठे बसवतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे आणि तो मला फार दिवसांपासून छळतो आहे.

२.
आधी अमेरिका. १८६९ साली सिनसिनाटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघाने आपल्या सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार दिला. त्यापूर्वीही पैसे दिले जात, पण चोरून. कुणाला कागदोपत्री कारकुनी देऊन, तर कुणाच्या हाती गुपचूप काही ठेवून. सिनसिनाटीने ही लपवाछपवी संपवली. संघाचा म्होरक्या हॅरी राइट याला हंगामाचे १२०० डॉलर आणि त्याचा भाऊ जॉर्ज याला १४०० डॉलर ठरले होते. त्या वर्षी हा संघ एकही सामना हरला नाही. जून १८७० मध्ये ब्रुकलिनच्या संघाने अकराव्या डावात ८-७ असे हरवले, तेव्हा ही मालिका तुटली. गंमत अशी की हॅरी राइट मूळचा क्रिकेटवाला. इंग्लंडात शेफील्डला जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या एका क्रिकेट क्लबात पगारावर खेळलेला. बेसबॉलच्या व्यवसायाचे मूळ असे क्रिकेटच्या अंगणात सापडते.

३.
पगार उघड झाला म्हणून खेळाडू मोकळा झाला, असे मात्र घडले नाही. १८७९ पासून मालकांनी एक नियम आणला : करार संपला तरी खेळाडूवर हक्क जुन्याच क्लबाचा. या जाचाविरुद्ध जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूने १८८५ साली संघटना बांधली आणि १८९० साली खेळाडूंनी स्वतःची वेगळी लीगच काढली. ती एका हंगामात बुडाली. पुढच्या वर्षाअखेर दुसरी मोठी लीगही मोडली. १८९२ उजाडले तेव्हा नॅशनल लीग ही बारा संघांची एकच मोठी पेढी उरली होती. खेळाडूला जायला दुसरे दार नव्हते. मालकांनी हंगामाच्या मध्यावर पगार कापले आणि संघांतली माणसे कमी केली. त्या वर्षी बोस्टनने १०२ सामने जिंकले. शंभरी ओलांडणारा तो पहिला संघ. विक्रमाच्या पुस्तकात १०२ हा आकडा ठळक आहे, कापलेल्या पगाराचा आकडा मात्र शोधावा लागतो.

४.
इंग्लंडात क्रिकेटने वेगळी व्यवस्था लावून ठेवली होती. पैसे न घेणारा तो ‘जंटलमन’, पैसे घेणारा तो ‘प्लेयर’. १८०६ पासून या दोन वर्गांमध्ये सामने होत आणि ही विभागणी १९६२ पर्यंत टिकली. कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारेही कित्येकदा वेगळी. फलंदाजी हे सभ्य गृहस्थाचे काम आणि दिवसभर चेंडू टाकणे ही मजुरी, असा एक समज त्यात मुरलेला होता. हीच व्यवस्था बोटीत बसून हिंदुस्थानात आली. इथे तिला जातीची तयार उतरंड मिळाली.

५.
आता १८९२ चा हिंदुस्थान. मुंबईच्या पारशांनी १८४८ सालीच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. १८८६ आणि १८८८ मध्ये ते इंग्लंडचे दौरे करून आले होते. १८९० च्या आरंभी त्यांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश संघालाही हरवले होते. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार. १८९२ च्या ऑगस्टअखेर मुंबईत युरोपियन विरुद्ध पारशी हा सामना झाला आणि तिथूनच आपल्याकडच्या प्रथम श्रेणीच्या क्रिकेटचा इतिहास मोजला जातो. पाठ्यपुस्तकी इतिहास या सामन्यापाशी थांबतो. मला मात्र पुण्याच्या खेळपट्टीवर रूळ ओढणाऱ्या मुलाकडे जावेसे वाटते.

६.
पालवणकर घराणे मूळ कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत, म्हणून मुलांचे बालपण पुण्यात गेले. बाळूने आधी एका पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे काम धरले. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या क्लबात आला आणि पगार एका रुपयाने वाढला. रूळ फिरवायचा, रेषा आखायच्या, सरावाची जाळी उभारायची, लागेल तेव्हा टेनिसचे मैदानही सजवायचे. मधल्या वेळात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. हात डावा, चाल संथ. पण चेंडू हवेत कधी लांबवायचा, कधी आखूड टाकायचा, किती वळवायचा, ही विद्या तो तिथेच शिकला. शिक्षक कुणी नव्हता. समोर उभा राहणारा प्रत्येक फलंदाज हीच त्याची शाळा.

७.
त्या क्लबात पुढे जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी आला. युरोपियनांचा तो सर्वांत पट्टीचा फलंदाज. तो इतरांच्या आधी येऊन बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूने आपल्याला बाद केले, की दर वेळी तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. हिशेब करून पाहा. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे चार रुपयांचे चौसष्ट आणे. ग्रेगला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार भरला! साहेबाने सरावासाठी हा सौदा केला असेल, पण त्यातून एका मुलाच्या कसबाला पहिल्यांदा बाजारभाव मिळाला. रूळ ओढण्याची मजुरी वेगळी आणि फलंदाजाला चकवण्याची किंमत वेगळी. फलंदाजीची संधी मात्र त्या क्लबात त्याला मिळाली नाही.

८.
हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा ब्रह्मपुरीचा भाग येतो. धान कापून झाला, की आमच्याकडे गावोगाव टेनिस चेंडूच्या स्पर्धा लागतात. धुरे ओलांडून पलीकडच्या मोठ्या बांधीत मैदान धरायचे, धसकटे काढायची, पाणी शिंपून माती धुम्मसाने ठोकायची. दोन हिवाळे हे काम मीही केले आहे. मातीत किती पाणी मुरले की ती दगडासारखी बसते, हे हाताला कळू लागते. पहाटेच्या दवात पहिला चेंडू कसा घसरेल आणि दुपारी कोणत्या टोकाला उसळेल, हे ठोकणाऱ्याला खेळणाऱ्याआधी ठाऊक असते. बाळूच्या गोलंदाजीचे गुपित सांगताना लोक दैवी देणगीचा दाखला देतात. मला वाटते, ज्याने वर्षानुवर्षे त्याच मातीवर रूळ ओढला, त्याला माती वाचता येत होती.

९.
पुण्यात हिंदूंचाही क्लब होता आणि त्यांना युरोपियनांना हरवायचे होते. ग्रेगला रोज चकवणारा गोलंदाज गावातच होता. त्याला घ्यावे की नाही, यावर वाद झाला. अखेर जिंकण्याची ओढ वरचढ ठरली आणि बाळू संघात आला. मैदानावर सगळ्यांनी तोच चेंडू हाताळला. चहाची वेळ झाली, की संघ आत बसे आणि बाळूला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. ते भांडे नंतर फेकून देत. जेवणाचे पानही वेगळे. पुढे साताऱ्याच्या युरोपियन संघाविरुद्ध त्याने बाजी मारली, तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर समारंभात त्याचा गौरव केला, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. एकाच माणसाच्या वाट्याला फुलांचा हार आणि फेकायचे भांडे ही दोन्ही आली.

१०.
अमेरिकेकडे पुन्हा एकवार पाहू. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू १८८४ साली टोलेडोकडून मोठ्या लीगमध्ये खेळला. जुलै १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे ठरवले आणि हळूहळू दारे बंद झाली. १८९२ च्या त्या बारा संघांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. मोठ्या लीगचे दार पुन्हा उघडायला १९४७ साल आणि जॅकी रॉबिन्सन यावा लागला. तिकडे माणसाला मैदानाबाहेर ठेवले. इकडे मैदानावर घेतले आणि पंगतीबाहेर ठेवले. यांतले कमी अपमानाचे कोणते, हे मला ठरवता येत नाही.

११.
१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला आले. तिथे १८९४ साली निघालेला परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना होता. त्यांच्या प्रवेशाला तिथेही विरोध झाला आणि तिथेही गोलंदाजीने वाट काढली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन संघ मुंबईत भिडले. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंबरोबर त्यांचे धाकटे भाऊ शिवराम त्या संघात होते. एव्हाना मुंबईच्या संघात सहभोजनाचा प्रघात पडू लागला होता आणि तत्कालीन सुधारकी पत्रांनी धावसंख्येइतकेच या गोष्टीचेही महत्त्व ओळखले.

१२.
१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. तेवीस सामन्यांत सहा विजय आणि पंधरा पराभव. त्या पडझडीत बाळूंनी एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. वय पस्तिशीचे. पगाराची गोलंदाजी करून एव्हाना दोन दशके होत आली होती. इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवरही त्यांची मातीची विद्या चालली.

१३.
तरीही संघाचे नियमित नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२० साली कर्णधारपदाच्या प्रश्नावर विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी संघाबाहेर राहून निषेध केला. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. पुढे बाळू राजकारणातही उतरले. १९३७ च्या मुंबईतल्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. १९५५ साली बाळूंचे मुंबईत निधन झाले. चार रुपयांपासून सुरू झालेला हा प्रवास कुठल्याही एका बाजूच्या गौरवगाथेत नीट बसत नाही. त्यांचे नाव मागे पडण्याचे तेही एक कारण असावे.

१४.
आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक मंडळ्या रात्रीमागून रात्री गावे पालथी घालतात आणि कलावंत ठरलेली ‘नाईट’ घेतो. त्या मानधनावर घर चालते. तरीही, “कला करता, मग पैसे कशाला मोजता?” असे विचारणारा कुणीतरी भेटतोच. क्रिकेटच्या स्पर्धेत बाहेरगावचा गोलंदाज पैसे देऊन आणला, की त्याला ‘भाड्याचा’ म्हणतात. ‘भाड्याचा’ या शब्दात मला तो जुना ‘प्लेयर’ ऐकू येतो. हौसेने खेळण्यासाठी घरी धान्य असावे लागते. ज्याच्या घरी ते नव्हते, त्याने पैसे घेतले आणि बहुतेकदा खेळ त्यानेच पुढे नेला.

१५.
म्हणून मित्रहो, जुन्या सामन्यांविषयी वाचताना धावफलकाबरोबर क्लबांचे जमाखर्चही धुंडाळा. रूळ कोण ओढत होते, जाळी कोण बांधत होते, त्यांना महिन्याला काय मिळत होते, ते नोंदवून ठेवा. आपापल्या गावातल्या मैदानांबद्दल वडीलधाऱ्यांना विचारा. ती नावे अजून तोंडी आहेत, एक पिढी गेली की तीही जातील. १८९२ सालच्या मुंबईच्या सामन्याची धावसंख्या आज कुणालाही मिळते. त्याच सुमारास पुण्यात एका मुलाला चार रुपये मिळत होते, हेही आपल्याला ठाऊक आहे, कारण कुणीतरी ते लिहून ठेवले.