कशेळीच्या सड्यावर जाकीट

भाऊजींना ऑस्ट्रियाहून येऊन सहा महिने झाले होते. अंगानं ते मालाडला राहत होते, जिभेनं इन्सब्रुकला. चहा गार झाला तरी त्यांना तिथली हवा आठवे आणि लिफ्ट बंद पडली तरी तिथली केबल कार. शहराच्या मधोमध पाळण्यात बसायचं, अर्ध्या तासात बावीसशे मीटरच्या वर बर्फात उतरायचं, खाली नदी, गावातली घरं काडेपेटीसारखी. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की इन्सब्रुकला न जाताही रिक्षावाल्याला पत्ता सांगू शकलो असतो. शिवाय तिथं एक सोनेरी छप्पर आहे. सम्राट माक्सिमिलियाननं १५०० साली करवून घेतलेलं. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे २६५७ पत्रे. आकडा भाऊजींचा. ते बँकेत होते. जे दिसेल ते मोजायचं, ही सवय निवृत्त झाल्यावरही गेलेली नाही.

ताईनं फोन केला. "तू रत्नागिरीला चाललायस ना? ह्यांना घेऊन जा. चार दिवस माझ्या घरात आल्प्स नकोत."

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. रत्नागिरीच्या फलाटावर भाऊजी उतरले ते इन्सब्रुकला घेतलेलं गडद निळं जाकीट घालून. पायांत डोंगरात चालायचे जाड बूट. पहाटेचे सहा वाजले होते आणि मला अंगावरचा शर्टही जड होत होता. "हवा बदलते," ते म्हणाले, "डोंगराळ भागात भरवसा नसतो."

मला स्थळदर्शन या प्रकाराची आधीपासून नावड आहे. 'पॉइंट' हा शब्द तर ऐकवत नाही. आमच्या रिक्षावाल्याकडे प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड होतं, त्यावर सतरा पॉइंट, शेजारी वेळ. किल्ला पाऊण तास, टिळकांचं घर वीस मिनिटं. माणूस सज्जन होता, पण विसाव्या मिनिटाला हॉर्न वाजवायचा. भाऊजी खूश. सहलीवाल्यांनी त्यांना असंच शिस्तीत फिरवलं होतं.

पहिलाच पॉइंट चुकला. थिबा राजवाड्याच्या फाटकाशी गेलो तो सोमवार होता, आणि सोमवारी तिथलं संग्रहालय बंद असतं. हे मला ठाऊक असायला हवं होतं. फाटकातून जेवढी लाल भिंत दिसली तेवढी पाहिली आणि जवळच्या टेकडीवरच्या थिबा पॉइंटवर जाऊन बसलो. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, त्यापलीकडे समुद्र. भाऊजी दहा मिनिटं गप्प होते. माझ्या हिशेबानं तो विक्रम होता. मग त्यांनी विचारलं, "हा राजा इथं किती वर्षं होता?"

ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला बोटीत घातलं आणि पुढच्या वर्षी मद्रासमार्गे रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला तो १९१० साली आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. म्हणजे तीस वर्षं तो इथं, त्यातली सहाच या वाड्यात. त्याची कबरही याच गावात आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथं येऊन गेले. रिक्षावाल्याच्या कार्डावर मात्र ती नव्हती.

"आमचा माक्सिमिलियान सोनेरी छपराखाली बसून चौकातले खेळ बघायचा," भाऊजी म्हणाले. "ह्यानं काय बघायचं? बोटी?"

'आमचा' हा शब्द मी सोडून दिला. प्रश्न बरोबर होता. समोर एक मचवा खाडीच्या मुखाशी निघाला होता आणि आम्ही दोघं तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो. मग हॉर्न वाजला.

पुढचे दोन दिवस त्या कार्डाप्रमाणे गेले. रत्नदुर्ग, भगवती, देवमाशाचा सांगाडा, पतितपावन, मांडवी, आरे-वारे, गणपतीपुळे. भाऊजींनी सांगाड्याचे मणके मोजले. कोकणातली माणसं मासे खातात तसे आम्ही खाल्ले, म्हणजे बोलणं बंद करून. टिळकांच्या घरात मला त्या ठेंगण्या पडवीत आणखी तासभर बसायचं होतं, पण वीस मिनिटं झाली.

चौथ्या दिवशी मी बंड केलं. रिक्षाला रजा दिली, एक गाडी ठरवली आणि कशेळीला जायचं म्हणून सांगितलं. कार्डावर कशेळी नव्हतीच.

भाट्याचा पूल ओलांडून पावस, पुढं पूर्णगडाशी मुचकुंदीची खाडी, गावखडीचं सुरूचं बन. हा रस्ता आल्प्सला नेऊन ठेवला तर तिकडचे लोक तिकीट लावतील, असं मी म्हणालो. भाऊजींनी उत्तर दिलं नाही, काच मात्र खाली केली.

कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे. आपल्याकडे सूर्याची देवळं मुळात कमी, त्यात हे समुद्राकाठचं. सांगतात ते असं: गुजरातेकडून मूर्ती घेऊन निघालेलं तारू कशेळीच्या किनाऱ्याशी अडलं, काही केल्या हलेना. नाखव्यानं मूर्ती काठावरच्या गुहेत ठेवली, तेव्हा तारू सुटलं. कनका नावाच्या बाईला दृष्टान्त झाला, तिनं गावकऱ्यांना सांगितलं आणि देव वर गावात आला. म्हणून तो कनकादित्य, देवानं बाईचं नाव पुढं लावलेलं. देवळाकडे शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा ताम्रपटही आहे. ताम्रपट राजाचा, नाव कनकेचं! मी त्या सभामंडपात रमलो असतो, पण आम्हाला सड्यावर जायचं होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं.

सडा म्हणजे काय ते घाटावरच्या माणसाला सांगून कळत नाही. कोकण म्हणजे माड, पोफळी, आंबा हे सगळं खाली, पाण्याच्या कडेनं. वर चढून आलं की एकदम काहीच नसतं. काळपट लाल जांभ्याचं मैल मैल पसरलेलं पठार, मधूनमधून वाळलेलं गवत, एखादं खुरटं झाड. हाच जांभा खाली खाणीतून काढताना इतका मऊ असतो की त्याचे चिरे पाडता येतात आणि वारा लागला की घट्ट होत जातो. सड्याच्या वरच्या पापुद्र्यानं तर युगानुयुगांचं ऊनपाऊस खाल्लेलं. तो कातळ कुदळीलाही दाद देत नाही. आणि त्यावर कुणीतरी चित्रं कोरून ठेवलीत.

त्यांना कातळशिल्पं म्हणतात. रत्नागिरी, राजापूर या भागांतल्या सड्यांवर ती जागोजागी सापडली आहेत. मासे, कासवं, माणसं, वाघ, कशाशीच न जुळणाऱ्या चौकटी. काहींचा काळ संशोधक मध्याश्मयुगापर्यंत मागं नेतात. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या, त्यातल्या सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या. उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि कशेळी. कशेळीचा हत्ती त्यात सगळ्यात मोठा. अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद, म्हणजे भाऊजींच्या मालाडच्या फ्लॅटमध्ये नुसती सोंड मावायची.

गाडीवाल्यानं हातानं दिशा दाखवली. "तिकडं असंल." तो सीट मागं टाकून झोपला.

आम्ही चालत गेलो. भाऊजींचे बूट कातळावर टॉक टॉक वाजत होते. मोकळा कातळ लागला, ओरखडे दिसले, पण ओरखडे तर सगळीकडेच होते. पाण्यानं पडलेले, भेगांचे, गुरांच्या वाटांचे. मी वाकून बघत होतो, भाऊजी ताठ उभे राहून. अर्धा तास गेला. जाकीट काढून त्यांनी कमरेला बांधलं होतं आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"हत्ती कुठाय? अठरा मीटरचा हत्ती हरवतो कसा?"

"तुमी हत्तीच्या पोटातच उभे हाव."

मागं एक बाई होती. साठीची असेल. नऊवारीचा काष्टा, हातात विळा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. गवत कापत कापत इकडं आली असावी. भाऊजी जागच्या जागी थिजले. पाय उचलावा की नको ते त्यांना कळेना.

"वहाणा काढा पयल्या," ती म्हणाली.

भक्तीनं म्हणाली की कोरीव काम झिजेल म्हणून, ते मी विचारलं नाही. आम्ही काढल्या. भाऊजींच्या बुटांना नाड्याच नाड्या. ते खाली बसून सोडवत होते तोवर तिनं वाळल्या गवताचा मुठा हातात घेतला आणि एका खोबणीतली माती झटकत चालायला लागली. "ह्यी सोंड." चार पावलं. "ह्यो फुडचा पाय." वळली. विळ्याचं टोक कातळाला न लावता, वीतभर वर धरून ती नुसती रेघ दाखवत होती. आम्ही तिच्या मागून अनवाणी, एकामागं एक. जांभा दिवसभर तापलेला आणि खवल्यांसारखा बोचरा. पायांना आधी आग समजली, मग खोबणीची कड समजायला लागली. दोन बोटं खोल असेल नसेल. आणि पाठीचा भाग चालून होईस्तोवर सूर्य इतका तिरपा आला की प्रत्येक खोबणीच्या एका कडेला काळी सावली भरली.

मग दिसलं. हत्ती तर दिसलाच, पण त्याच्या पोटात, जिथं भाऊजी अर्धा तास बूट आपटत होते तिथं, मासे होते, पाखरं होती, आणखी कितीतरी जनावरं होती. एकात एक, एकावर एक. मघाशी मी ज्याला भेग समजून ओलांडलं होतं तो एक मासा होता.

भाऊजी हळूच म्हणाले, "इथं केबल कार हवी होती."

सहा महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांची केबल कार पटली. कारण हा हत्ती खाली उभं राहून सबंध दिसतच नाही. आता ड्रोननं काढलेली चित्रं असतात, त्यात तो पाटीवर काढल्यासारखा स्वच्छ येतो. पण कोरणाऱ्याला कुठला पाळणा? जवळपास चढून बघावं अशी टेकडी नाही. त्यानं पाय कोरताना सोंड नजरेच्या टप्प्यात होती का? लोखंड हाती नसेल तर कशानं कोरलं? आणि हत्ती पाहिला कुठं? आज कशेळीच्या सड्यावर बैल दिसतो तोही क्वचित. बाईला विचारलं तर म्हणाली, "पांडवांनी काडलान. एका रातीत." मग जरा थांबून, "आमी ल्हान असताना हितं खेळायचो. सोंडेवरनं पळत जायचं नि शेपटीकडनं येयचं."

म्हणजे ती आम्हाला तोच खेळ दाखवत होती.

भाऊजींना राहवलं नाही. त्यांनी फोन काढून तिला इन्सब्रुक दाखवलं. बर्फाचे डोंगर, पाळणा, सोनेरी छप्पर. तिनं डोळे बारीक करून सगळं पाहिलं. छपरावर थांबली नाही. डोंगरावर थांबली.

"ह्ये सगळं बरफच?"

"हो. केवढं तरी."

"मग गुरं काय खातात?"

भाऊजी आठवायला लागले. गाई होत्या, गळ्यात मोठ्या घंटा होत्या, त्यांनी फोटोही काढला होता. पण हिवाळ्यात त्या कुठं असतात? "गवत असेल की ठेवलेलं," ते म्हणाले. "असंच कापून."

"कापतो कोन?"

ते सहलीच्या कार्यक्रमात नव्हतं.

अंधारायला आलं. तिचा भारा बांधून तयार होता, जवळजवळ तिच्याएवढाच. "जरा उचलू लागा," ती भाऊजींना म्हणाली, मला नाही. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले भाऊजी पुढं झाले, भाऱ्याखाली हात घातले, छातीशी धरून वर केला आणि तिनं मान खाली करून तो अलगद टॉवेलच्या चुंबळीवर घेतला. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं तोलला. मग मागं न बघता ती उताराला लागली. चालताना भारा तेवढा दिसत होता, खाली बाई असेल असं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. भाऊजी खिडकीशी बसले होते. जाकीट मांडीवर, चष्मा नाकाच्या टोकावर. अस्तरात, बाह्यांच्या विणीत, खिशांच्या शिवणीत सड्यावरची कुसळं घुसली होती, आणि ते एक एक उपटून कागदावर ठेवत होते. मी डोळे मिटले होते. चिपळूण गेलं तेव्हा ते एकशे बाराव्यावर होते.