व्लाडचा गुन्हा काय होता?

'द अमेरिकन्स' या मालिकेवर एका अभ्यासमंडळात बोलताना मी तिच्यातल्या पात्रांची नैतिक उतरंड लावली होती. सगळ्यांत वर एफबीआयचा स्टॅन बीमन, त्याच्याखाली केजीबीचा हेर फिलिप आणि तळाशी त्याची बायको एलिझाबेथ. ती उतरंड चुकीची होती.

२०१३ ते २०१८ या काळात सहा पर्वं चाललेली ही मालिका जो वाइसबर्ग यांनी निर्माण केली. ते स्वतः सीआयएमध्ये काम केलेले. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनजवळ ट्रॅव्हल एजन्सी चालवणारं एक जोडपं प्रत्यक्षात सोव्हिएत हेर आहे आणि समोरच्याच घरात स्टॅन राहतो.

माझी पहिली चूक म्हणजे पश्चात्तापाला मी चांगुलपणा समजलो. फिलिप खून करून आतून खचतो, एलिझाबेथ कोरडी राहते. तिसऱ्या पर्वात रात्री दुकानाचा हिशेब करत बसलेली बेटी नावाची म्हातारी तिच्या तावडीत सापडते. एलिझाबेथ तिला तिच्याच हृदयविकाराच्या गोळ्या गिळायला लावते. त्या प्रसंगानंतर मी तिच्यावर फुली मारली. पण त्याच पर्वाच्या शेवटी फिलिप जीनला मारतो. जीन हा एफबीआयच्या कार्यालयात संगणक सांभाळणारा निरुपद्रवी माणूस. फिलिपला माहिती पुरवणारी एफबीआयची सेक्रेटरी मार्था, तिच्यावरचा संशय टळावा म्हणून फिलिप त्याला ठार करतो आणि आत्महत्येचा बनाव रचतो. बेटी तिथे अचानक भेटली होती. जीनला तर विचार करून निवडलं होतं. माझ्या भाषणात जीनचं नावही नव्हतं. फिलिपला झालेल्या दुःखाचा जीनला काय उपयोग?

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. स्टॅनकडे सरकारी ओळखपत्र होतं, एवढ्यावर मी त्याला वर बसवलं. पहिल्या पर्वात सहकारी अमाडोर बेपत्ता झाल्यावर स्टॅन सोव्हिएत वकिलातीतल्या व्लाड या तरुणाला पळवतो आणि अमाडोर मेल्याचं कळल्यावर मागून त्याच्या डोक्यात गोळी घालतो. अमाडोरच्या मृत्यूशी व्लाडचा काही संबंध नव्हता. वकिलातीतल्या नीनालाही स्टॅनने धमकावूनच खबरी केलं. पुढे मॉस्कोत तिला गोळी घातली गेली. तिचं आणि स्टॅनचं नातं मी प्रेमकथा म्हणून रंगवून सांगितलं होतं, याचं मला आज फार वाईट वाटतं.

भाषणानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, व्लाडचा गुन्हा काय होता?" मी म्हणालो, तो शीतयुद्धाचा काळ होता. एलिझाबेथनेही बेटीबद्दल हेच सांगितलं असतं. हे मला घरी परतताना उमगलं.

आणि एलिझाबेथला मी आंधळी निष्ठावान म्हटलं होतं. शेवटच्या पर्वात, १९८७ च्या शिखर परिषदेच्या वेळी, नेस्टेरेंको या सोव्हिएत प्रतिनिधीला मारण्याचा हुकूम तिला मिळतो. त्यामागचा डाव गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धचा आहे हे कळल्यावर ती नकार देते. एवढंच नव्हे, ते काम करायला आलेल्या केजीबीच्याच तात्यानाला ती गोळी घालते. याने बेटीचा खून पुसला जात नाही. पण ती फक्त हुकमाची बांधील होती हे माझं म्हणणं खोटं ठरतं.

ही मालिका पाहणार असाल, तर प्रत्येक पात्राच्या नावापुढे त्याने मारलेल्या माणसांची नावं आधी लिहा. मारणाऱ्याचे डोळे ओले होते का, हे त्यानंतर पाहा.