खिडकी मागा डावीकडची!

जॉब पुण्यात आणि घर नागपूरला? मग हे दोन आकडे तुम्हाला पाठच असणार. लोहगाव ते सोनेगाव सरळ हवाई अंतर साधारण 605 किलोमीटर आणि तिकिटावरचा वेळ सव्वा ते दीड तास. आता गंमत बघा. जेट विमान एकदा वर गेलं की ताशी 800 च्या आसपास पळतं. म्हणजे पाऊण तासात पोचायला हवं ना? पण रनवेपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यातच बाकीचा वेळ जातो. त्यात लोहगाव मुळात हवाई दलाचं, त्यांच्या सरावाचीही वेळ सांभाळायची असते.

ट्रेन मनमाड, भुसावळ असा वळसा घेते, म्हणून तिचे होतात 881 किलोमीटर. ऑगस्ट 2025 पासून वंदे भारत आली, तरी 12 तास. म्हणून आम्ही वैदर्भीय मंडळी अजून रात्रीच्या ट्रॅव्हल्सलाच चिकटून. दिवाळीत तर तिथलीही सीट मिळाली तर नशीब!

जानेवारीत रात्री साडेअकराला दादाचा फोन आला. ‘बाबांना ॲडमिट केलंय. घाबरू नको.’ (असं सांगितल्यावर कोण घाबरत नाही?) ट्रॅव्हल्स केव्हाच सुटलेली. सकाळचं विमान मिळालं, भाडं जवळजवळ महिन्याच्या रेंटएवढं. ती रात्र काही सरेना. 1949 साली रात्रीची एअरमेल सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची आणि टपालाच्या थैल्या बदलून परतायची. म्हणजे तेव्हा पत्रं रात्रीत घरी पोचत होती आणि मी बॅग भरून पलंगावर बसलेले.

सीट मिळाली डावीकडची, निव्वळ योगायोगाने. आधी जायकवाडीचं पाणी चमकलं. मग साधारण निम्म्या वाटेवर, तपकिरी शेतांच्या मधोमध एक गोल. लोणार! उल्केने बसाल्टमध्ये पाडलेलं, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं म्हणून गाजलं होतं, तेच. पाचवीत असताना बाबा मला एसटीने तिथे घेऊन गेले होते. काठावर उभं राहून म्हणाले होते, ‘हे पूर्ण गोल विमानातूनच दिसत असेल बघ.’ ते स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत. मी मोबाइलवर फोटो काढला. काच ओरखड्यांनी भरलेली, हातही थोडा हललेला.

दुपारी आयसीयूत पाच मिनिटं आत सोडलं. स्टेंट बसला होता, चेहरा उतरलेला. फोटो दाखवला तर चष्मा मागितला, झूम करायला लावलं.

‘मग मला कधी नेऊन राहिली?’

डॉक्टरांनी आता विमानाला हो म्हटलंय. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय, नागपूर-पुणे. त्या दिशेने येताना लोणार पडतं उजवीकडे, म्हणून त्यांची खिडकीही उजवीकडची.